ओट्यावर रिकाम्या हातांनी

आत्याबाई,

तुमचा मुलगा गेला. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही त्याच्या कितीतरी आधी गेलात, तेव्हा तुमच्यापुरतं ते बरंच झालं असं मी पुष्कळदा म्हणते. मग वाटतं, तुम्ही असता तर एकीने रडताना दुसरीने चूल तरी पेटवली असती. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुम्हाला वाचून दाखवणारी मीच होते, आणि मी तर इकडे राहिले. तरी लिहायला बसलेय, कारण गेल्या थंडीत आपल्या ओट्यावर जे झालं ते सांगावं असं गावात कुणी उरलेलं नाही. ज्यांना सांगितलं ते हसले आणि कामाला लागले. तुम्हीही हसला असता, पण तुमचं हसून झालं की तुम्ही विचारायचात, "मग फुडं?" मला ते कुणी विचारत नाही.

तो गेला तो खळ्यावर. जुन्नरच्या लाकडाच्या वखारीतून सुट्टी काढून भात झोडायला थांबला होता. पेंढी उचलली, खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. मला वाटलं दमला. मी पाणी घेऊन येईपर्यंत मान कलली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. लेक आळ्याला दिलीय, तिच्याकडे कांदा, टोमॅटो, गुरं, सगळं भरलेलं आहे. "आई, इकडंच ये," म्हणते, आणि मी गेले की तिला माझ्याशी बोलायला सवड नसते. तिचं चुकत नाही. मी परत येते. वखारीतून तो रोज मुक्कामी एसटी गाडीने घरी यायचा, ते तुम्हाला आठवत असेल. ती गाडी अजून येते. संध्याकाळी जुन्नरहून निघते, आपल्याकडे रात्र काढते आणि सकाळी परत जाते. चढाला ड्रायव्हर गिअर बदलतो तो आवाज आधी येतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग वळणावर उजेड. तो आवाज आला की मी तवा ठेवायची, आणि त्याचे पाय धुऊन होईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. आता कुणासाठी तवा तापवायचा नसतो. पण दिवस कलला की माझे पाय ओट्याकडे वळतात.

आपल्याकडची बाई ओट्यावर बसली तरी तिच्या हातात काहीतरी असतं. तांदूळ तरी निवडेल, नाहीतर गोधडीला चार टाके घालेल. रिकाम्या हातांनी बसलेली बाई दिसली की तुम्ही आधी विचारायचात, "ताप आलाय का गं?" मी मात्र हात मांडीवर ठेवून नुसती बसते, कारण सूप हलवलं की त्याच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही. एवढंच कारण. पण ते कुणाला सांगण्यासारखं नाही. शेजारच्या बाया पाणी घेऊन जाताना बघतात आणि पुढे गेल्यावर हळू बोलतात. हिचं डोकं सरकलंय, असं वरच्या आळीपर्यंत पोचलं होतं.

वाचनाचं माझं तेवढं सुटलं नाही. ते तुमच्यामुळे आहे हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही जुन्नरच्या बाजारातून आलाय. डोक्यावरचं गाठोडं उतरवून ठेवताय. मी चुलीपुढे आहे, तव्यावर भाकरी आहे, आणि गुळाच्या पुडीचा कागद मांडीवर पसरून मी त्यावरची अक्षरं जुळवतेय. दुसरीतून शाळा सुटलेली मी, जोडाक्षराशी झगडतेय. करपल्याचा वास तुम्हाला आधी येतो. तुम्ही भाकरी हाताने उलटता आणि म्हणता, "त्या कागदात काय जेवाण वाढलंय का?" दिवसभर माझ्याशी बोलत नाही. पण पुढच्या बाजाराला तुम्ही वाण्याला सगळ्या पुड्या छापील कागदातच बांधायला लावल्या. तो म्हणाला, "म्हातारे, चांगली पिशवी देतो की." तर तुम्ही त्याला सांगितलंत, "मला छापील कागूदच पायजे. माझी सून खाती त्यो." हे मला तुम्ही नाही सांगितलं, वाण्याने सांगितलं, कितीतरी वर्षांनी. तुम्ही फक्त ते कागद हाताने सारखे करून माझ्या उशाशी ठेवायचात आणि जेवणं झाल्यावर म्हणायचात, "वाच." गोष्ट नेहमी अर्धीच असायची. उरलेली कुणाच्या तरी डाळीला गुंडाळून दुसऱ्या गावी गेलेली. तुम्ही "मग फुडं?" म्हणायचात आणि मी मनाने रचून सांगायची. पुढे तुमचा मुलगा गाडीतून वाचनालयाची पुस्तकं आणायला लागला आणि रचायची गरज राहिली नाही.

आता थंडीतलं सांगते. तुमच्या धाकट्या मुलाच्या मुलाने खालच्या वावरात चार खोल्या बांधल्यात. नाणेघाट बघायला येणारी माणसं तिथे उतरतात, पिठलं भाकरी खातात, चांदण्यांचे फोटो काढतात. त्याची बायको आळ्याची, कॉलेज केलेली, इंग्रजी बोलते. ती मला मोठी आई म्हणते, मी तिला सूनबाई. भात घरात येऊन पडलं होतं तेव्हा तिच्याकडे एक परदेशी बाई उतरली. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळी, पांढऱ्या होत चाललेल्या केसांची एक वेणी. दोन दिवसांसाठी आली होती. पहिल्याच संध्याकाळी ती वाटेवरून चालली होती, आणि मला बघून जागच्या जागी उभी राहिली. मग पळत खाली गेली आणि सूनबाईला हाताला धरून घेऊन आली. दुसऱ्या हातात एक जाडजूड पुस्तक होतं.

त्या पुस्तकाचं सांगायला हवं. पाठीला चिकटपट्टी लावलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. तिच्या आधी तिच्या मावशीने वापरलेलं. फार पूर्वी तिकडचा कुणी इकडे येऊन राहिला, हिंडला आणि त्याने आपल्या लोकांसाठी ते लिहिलं. इकडचं ज्ञान हवं असेल तर कसं यावं, काय खावं, श्वास कसा घ्यावा, गुरू कसा ओळखावा, सगळं त्यात आहे. तिकडे म्हणे ते वाचून कितीतरी जणांनी घरदार सोडलं. सूनबाई ओट्यावर टेकली आणि तिने त्यातला एक भाग मला मराठीत करून सांगितला. खरी शिकवणारी मठात मिळणार नाही. ती डोंगराकाठच्या एखाद्या गावात आपल्या दारापुढे बसलेली असेल, हात रिकामे, नजर लांब. शेजारी तिला वेडी म्हणत असतील. तिला विचारलंत तर ती नाकारेल, आणि तिचं नाकारणं हीच तिची खूण.

"मोठी आई, ह्यो तुमचाच फोटू काढल्यावानी हाये," सूनबाई म्हणाली. "वेडी म्हनत्यात, ते सुदिक."

"तिला सांग, मी कुनी न्हाई."

सूनबाईने सांगितलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने हात जोडले.

"आता काय झालं?"

"तुमी नाकारलं ना."

"मग सांग, मी हाये म्हनून."

"मग तर उद्या धा जनी आनल ती," सूनबाई पदरात तोंड घालून हसायला लागली.

मी म्हटलं, खरं तेच सांगून टाकावं. "तिला म्हन, मी गाडीची वाट बघती."

इंग्रजीत बोलणं झालं. "इचारती, गाडीत कोन येनार हाये?"

"कोन न्हाई."

हे ऐकल्यावर ती बाई डोळे मिटून, मांडी घालून माझ्या शेजारी जमिनीवरच बसली. सूनबाई उठत म्हणाली, "मोठी आई, तुमी आता तोंडच उघडू नगा. जेवढं बोलाल तेवढं तिला चढतंय." तेवढ्यात चढावर गिअरचा आवाज आला. मी मान वळवली. बाईनेही डोळे उघडून मान वळवली. वळणावर उजेड दिसला तसा दोघींनी मिळून बघितला.

दोन दिवसांचे आठवडे झाले, आठवड्यांचे महिने. ती खोलीचं भाडं भरायची, दिवसभर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे श्वास मोजायची आणि दिवस कलला की ओट्यावर हजर. मला माताजी म्हणायची. तो शब्द टीव्हीवरचा, मला आवडत नव्हता, पण मी सुधारलं नाही. सूनबाईला सवड असली की ती येऊन एखादं पान मराठीत करून सांगायची, आणि मला ते ऐकायला आवडायचं. जमिनीवर मांडी कशी घालावी यावर चित्रांसकट पानंच्या पानं आहेत. पाटावर न बोलता जेवावं, हेही आहे. तुमच्या धाकाने आपल्या घरात सगळे तसेच जेवायचे. मी पुस्तकाला हसले, पण रागावले नाही. लिहिणारा माणूस कळकळीचा होता. आपल्या माणसांना बरं वाटावं म्हणून लांबून आणलेलं औषध वाटावं तसं त्याने ते वाटलं होतं. एकदा एकांताचा धडा निघाला. रोज एक तास एकटं राहायचा सराव करा, सुरुवातीला भीती वाटेल.

मी विचारलं, "आन शेवटाला?"

सूनबाईने त्या धड्याची पुढची पानं चाळली. "शेवटाचं न्हाई लिव्हलं, मोठी आई."

त्याच पुस्तकातलं एक वाक्य मात्र मला लागलं. शिकवणाऱ्याच्या शेजारी बसावं आणि काही विचारू नये. ते ऐकलं आणि मला आपली अंधारी खोली दिसली. भाताच्या आवणीचे दिवस आहेत. माझं पहिलं मूल पोटातच गेलंय. बाहेर सगळं गाव वावरात उतरलंय, आणि रोपं वाफ्यात पिवळी पडायला लागलीत. गावातच माहेर असलेल्या जाऊबाईची आई दारातून हाका मारते, "अवं, चला की, चिखल आटाया लागला." तुम्ही आतून सांगता, "माझी सून बसलीया." एवढंच. तुम्ही माझ्याजवळ भिंतीला टेकून बसला होतात. देवाचं नाव घेतलं नाहीत, धीर दिला नाहीत, पुन्हा होईल म्हणाला नाहीत. तुमच्या हातात काही नव्हतं, आत्याबाई. त्या एकाच वेळी मी तुमचे हात रिकामे बघितले. त्या वर्षी आपलं भात उशिरा लागलं आणि कमी आलं, आणि तुम्ही त्यावरून मला कधी एक शब्द बोलला नाहीत. पुस्तक लिहिणारा तेव्हा आपल्या दारावरून गेला असता तर त्याने तुमच्यापुढे मांडी घातली असती. आणि तुम्ही त्याला हाकललं असतंत.

शिमग्याच्या सुमारास सूनबाई एकटीच वर आली. आपल्याकडे फोनला रेंज नाही, घाटाच्या तोंडाशी गेलं तर मिळते, नाहीतर ती जुन्नरला गेली की तिला मागचे निरोप मिळतात. म्हणाली, "मोठी आई, हिच्या आईचे फोन येत्यात माझ्या मोबाईलवर. म्हातारी माणसं ठेवत्यात तसल्या घरात असती ती तिकडं. लई थकलीया. हिला सांगितलं, तर ही म्हनती पुस्तकात लिव्हलंय, मन ठरेपत्तुर घरच्यांशी बोलायचं न्हाई. आल्यापास्नं फोन न्हाई केला तिनं."

"म्हातारी काय म्हनती?"

"कायबी न्हाई. इचारती, जेवती का ती नीट."

त्या संध्याकाळी बाई माझ्याशेजारी येऊन बसली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. कुठेतरी एक म्हातारी फोनकडे कान लावून बसलेली असणार. हातात विणकाम असलं तर तेही बाजूला ठेवत असेल, आवाज ऐकू यावा म्हणून. आणि जिची वाट बघतेय ती माझ्या ओट्यावर. माझ्या गाडीतून कुणी उतरणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिच्या मुलीला फक्त घाटापर्यंत चालत जायचं होतं. मला एवढं कळत होतं, आणि तरी मी त्या संध्याकाळी काही बोलले नाही. दुसऱ्याही नाही. तुमचा मुलगा गेल्यापासून माझ्याशेजारी कुणी असं येऊन बसलं नव्हतं. तिला जा म्हणायचं म्हणजे पुन्हा त्या ओट्यावर एकटीने बसायचं. नुसतं समजावून भागणार नव्हतं, हे मी पाहिलं होतं. साधं काही सांगितलं की त्याचं ती भलतंच काही करायची.

मग एका संध्याकाळी सूनबाई जवळ असताना मी उभी राहिले. तुम्ही गड्यांवर ओरडायचात तसा आवाज काढला. "ऊठ म्हनावं हिला. आत्ता घाटाकडं जा आन तुझ्या आईला फोन कर."

बाई दचकली. इंग्रजीत काहीतरी म्हणाली. सूनबाईने सांगितलं, "पुस्तकात नगं म्हनलंय, म्हनती."

"तिला इचार, पुस्तक मोठं का मी?"

 सूनबाईने ते इंग्रजीत सांगितलं. मी आयुष्यात असं कधी कुणाला बोलले नव्हते. बाई उठली. पुस्तक ओट्यावर तसंच राहिलं. ती घाटाच्या वाटेने झपझप चालत गेली आणि मी तिच्या मागे सूनबाईला धाडलं. त्या दोघी परतल्या तेव्हा बाईचं नाक लाल झालं होतं. मी काही विचारलं नाही. सूनबाईच म्हणाली, "म्हातारी रडली न्हाई की रागावली न्हाई. तिकडं थंडी हाये का, सवेटर घेतलाय का, एवढंच इचारलं. ह्याच बाईसायेब ढसाढसा रडल्या."

तिने जायचं ठरवलं. औषधवाल्यांना विकायचा बाळहिरडा वेचायला नुकती सुरुवात झाली होती, माझ्या अंगणात तो वाळत पडला होता. सकाळच्या गाडीने तिला जुन्नर गाठायचं होतं. मी थांब्यापर्यंत गेले. सूनबाई होती, गाडी सुरू होती, कंडक्टर घाई करत होता. बाईने माझ्या पायांना हात लावला. मग तिने पाठ केलेलं एक मराठी वाक्य हळूहळू, एकेक शब्द ठेवत म्हटलं, "मी परत येऊ का?"

मी तिच्याकडे बघत राहिले. ती थांबली. कंडक्टरही थांबला. मग तिच्या चेहऱ्यावर कसलंसं समाधान आलं, तिने मान हलवली आणि ती गाडीत चढली. गाडी वळणाआड गेल्यावर सूनबाई डोळे पुसत म्हणाली, "भारी केलंत, मोठी आई. त्या पुस्तकात शेवटाला हेच हाये. शिकवनारी गप ऱ्हाती आन शिष्याला मोकळं करती." आता गावात ती गोष्ट तशीच सांगतात. शेजारच्या माझ्याकडे बघून आता कुजबुजत नाहीत. एक-दोघींनी तर मुलांच्या लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, मला काय कळतंय.

हिरडा वाळवून झाला. संध्याकाळी मी बसते. शेजारची जागा मी झाडते आणि सोडून देते. परवा सूनबाईने विचारलं, जुन्नरला चाललेय, त्या बाईला काही कळवू का. मी नको म्हणाले. तिची आई आहे तोवर तिने तिकडेच असावं. हे मी आता विचार करून म्हणते. हा कागदही कुठे जायचा नाही. बाकीच्या पुड्यांच्या कागदांबरोबर कणगीच्या मागे ठेवीन.

पण तुम्हाला म्हणून सांगते, आत्याबाई. त्या सकाळी थांब्यावर मी काही ठरवून गप्प राहिले नव्हते. मला "ये" म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. आवाजच फुटला नाही.